रोग वाढला की नजर वाढली?

२०२० सालच्या वसंतात युरोप-अमेरिकेतल्या अनेक कर्करोग नोंदण्यांमध्ये एक चमत्कार दिसतो. मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या सर्वांत धोकादायक कर्करोगाचे, नवे रुग्ण एकाएकी घटले. सूर्य मवाळ झाला नव्हता की लोकांची कातडी बदलली नव्हती. कोविडमुळे दवाखान्यांची दारं बंद होती, एवढंच. पाठीवरचा तीळ दाखवायला कुणी गेलं नाही, त्यामुळे तो कापून काचपट्टीवर आला नाही, आणि त्यामुळे नोंदवहीत एक कर्करोग कमी भरला. पुढे काही ठिकाणी जास्त खोल गेलेले मेलानोमा घेऊन रुग्ण आले. त्यांचं नुकसान खरं होतं आणि ते विसरता येणार नाही. पण त्या महिन्यांनी एरवी झाकून राहणारी एक गोष्ट उघडी पाडली. नोंदणीत उतरतो तो आकडा निदानाचा, आजाराचा नव्हे. आजार अंगात आपोआप होतो. निदान कुणीतरी करावं लागतं. दृष्टीआड सृष्टी ही म्हण आकडेवारीलाही लागू पडते.

एवढी साधी गोष्ट आपण सारखी विसरतो. 'त्वचेच्या कर्करोगाची साथ' अशा मथळ्याची बातमी उन्हाळा तोंडावर आला की कुठे ना कुठे येतेच. त्यात चढता आलेख असतो, सनस्क्रीन लावा असा सल्ला असतो आणि वर्षातून एकदा सगळं अंग तपासून घ्या अशी शिफारस असते. मला या बातमीशी भांडायचं आहे. गोऱ्या कातडीच्या श्रीमंत देशांत गेल्या चार-पाच दशकांत मेलानोमाचं निदान जे वाढलं, त्यातला मोठा वाटा वाढलेल्या नजरेचा आहे, असं माझं मत आहे. ही वाढलेली नजर निरुपद्रवी नाही. शिवाय ती जिथे वळायला हवी तिथे वळलेलीही नाही.

अमेरिकेचा आलेख घ्या. १९७५ पासून पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथे मेलानोमाच्या निदानाचं प्रमाण जवळजवळ सहापट झालं. लोकसंख्या वाढली, माणसं म्हातारी झाली, हे सगळं हिशेबात धरूनही सहापट. त्याच काळात मेलानोमाने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र फारसं हललं नाही. एक रेषा घाट चढत राहिली आणि दुसरी पठारावरून चालत राहिली. एकाच आजाराच्या दोन रेषा इतक्या वेगळ्या कशा वागतात?

यावर जे उत्तर लगेच मिळतं ते टाकाऊ नाही. आजार खरोखरच वाढला, पण आपण तो लवकर पकडून कापून टाकतो, म्हणून माणसं वाचतात, असं ते उत्तर. हे खरं मानायचं तर दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. एक, आजार वाढण्याचा वेग आणि माणसं वाचवण्याचा वेग चाळीस वर्षं एकमेकांना तंतोतंत तोलत राहिले. योगायोग म्हणून हे जरा जास्तच झालं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. झाडावरून कच्ची फळं उतरवत गेलो तर पिकून खाली पडणारी फळं कमी व्हायला हवीत. पातळ, नुकते उगवलेले मेलानोमा एवढ्या मोठ्या संख्येने काढले जात असतील, तर जाड आणि शरीरात पसरलेले मेलानोमा त्या मानाने घटायला हवे होते. तसे ते घटले नाहीत. इंग्लंडच्या पूर्व भागात १९९१ ते २००४ मधल्या जवळपास चार हजार रुग्णांची छाननी झाली, तेव्हा वाढ जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या टप्प्यातल्या आजारात आढळली. पुढचे टप्पे जागच्या जागीच होते. टोपल्या भरत होत्या, पण झाडाखालचा सडा तेवढाच.

औषधांनी मृत्यू रोखून धरले असतील का? पसरलेल्या मेलानोमावर २०११ पर्यंत आयुष्य लांबवेल असं औषध जवळपास नव्हतंच. त्या वर्षी इपिलिमुमॅब आलं, मागोमाग बाकीची आली. ज्या संशोधनातून त्यातली अनेक निघाली त्यासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. मग काय झालं ते पाहा. २०१३ ते २०१६ या तीनच वर्षांत गोऱ्या अमेरिकनांमधला मेलानोमाचा मृत्युदर सुमारे १८ टक्क्यांनी उतरला. उपाय खरा लागू पडला की आलेखात असा दिसतो. चाळीस वर्षांच्या तपासण्यांनी जे दाखवलं नाही, ते औषधांनी तीन वर्षांत दाखवलं.

मग निदान कशाने वाढलं? २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या प्रश्नावर सर्वांत बोलका वाटतो. गिल्बर्ट वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरच्या अमेरिकनांच्या वैद्यकीय बिलांवरून त्वचेच्या बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी कापून घेतलेले कातडीचे तुकडे, मोजल्या. १९८६ ते २००१ या काळात बायोप्सींचं प्रमाण अडीचपट झालं. त्याच काळात, त्याच वयोगटात, त्याच भागांत मेलानोमाचं निदान २.४ पट झालं. मृत्यू जवळपास होते तिथेच. जितकं उकरलं तितकं सापडलं.

उकरण्याची ही क्रिया कुणा लबाड माणसाने योजलेली नाही. ती आपोआप वाढत जाते, आणि म्हणूनच थांबत नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी संशयास्पद तीळ ओळखण्यासाठी चार खुणांचा ठोकताळा मांडला: दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकसारखा नसणं आणि आकार ६ मिलिमीटरहून मोठा असणं. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा. ठोकताळा चांगलाच आहे. पण असे तीळ असलेली माणसं रस्त्यावर पावलोपावली भेटतील. नंतर 'बदलत जाणारा' ही पाचवी खूण आली. तिळाचं भिंग लावून निरीक्षण करणारा डर्मॅटोस्कोप आला, सगळ्या अंगाचे फोटो काढून ठेवणं आलं. प्रत्येक पायरीवर आधी न दिसणारं काहीतरी दिसायला लागलं. आणि एकदा दिसलं की ते तसंच सोडून देण्याचं धैर्य डॉक्टरकडेही नसतं, रुग्णाकडेही नसतं.

डॉक्टरच्या जागी बसून बघा. निरुपद्रवी तीळ काढला तर रुग्ण हात जोडून आभार मानतो: "बरं झालं, काढून टाकलात." घातक तीळ सोडला तर कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ शकते, शिवाय मनाला लागतं ते वेगळंच. शिक्षा एकाच चुकीला आहे, दुसरीला चक्क शाबासकी. अशा वेळी पारडं कुठे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको. सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसलेल्या पॅथॉलॉजिस्टचंही तेच.

आणि त्या डोळ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण लोकांना वाटतं की बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १८७ पॅथॉलॉजिस्टना रंगपेशींच्या गाठींचे नमुने दाखवण्यात आले. अगदी साधा तीळ आणि खोल गेलेला मेलानोमा या दोन टोकांवर बहुतेकांचं एकमत होतं. पण मधल्या पट्ट्यात, म्हणजे विचित्र दिसणारा तीळ ते नुकताच आत शिरू लागलेला मेलानोमा या प्रांतात, तज्ज्ञांच्या ठरलेल्या निष्कर्षाशी जुळणारी मतं निम्म्याहूनही कमी निघाली. काही महिन्यांनी तोच नमुना त्याच माणसापुढे ठेवला तेव्हा पुष्कळांनी आपलंच आधीचं मत बदललं. नेमका हाच मधला पट्टा गेल्या काही दशकांत फुगला आहे. ज्या जागी तज्ज्ञांचंही एकमत होत नाही, त्या जागेवरून 'साथ' मोजली जाते आहे.

सगळे मेलानोमा सारखे नसतात, हे इथे कळीचं आहे. काही महिन्यांत खोल उतरून यकृत-मेंदूपर्यंत जातात. काही वर्षानुवर्षं कातडीच्या वरच्या थरात रेंगाळतात, आणि त्यांचा धनी वेगळ्याच कारणाने, पिकल्या वयात जातो. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत सापडतात ते प्रामुख्याने रेंगाळणारेच, कारण ते सापडायला पुरेसा वेळ जागेवर बसून असतात. धावणारे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निसटतात. जाळं मोठं केलं तरी त्यात अडकतात ते संथ मासे.

आता लोक जो आकडा अभिमानाने पुढे करतात त्याकडे येऊ. 'लवकर निदान झालेल्या मेलानोमात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९९ टक्के!' आकडा खोटा नाही. पण त्यातून जो अर्थ काढला जातो तो काढता येत नाही. समजा एका माणसाचा मेलानोमा ६५ व्या वर्षी लक्षात आला आणि ६८ व्या वर्षी तो गेला. पाच वर्षांच्या हिशेबात तो नापास. त्याच माणसाचं निदान ६० व्या वर्षी झालं असतं आणि तरीही तो ६८ व्या वर्षीच गेला असता, तर तो आठ वर्षं 'जगला', म्हणजे पास. मरणाची तारीख तीच, यश मात्र वाढलं. त्यात ज्यांना या आजाराने कधीच मरण येणार नव्हतं अशांची भर घाला, म्हणजे टक्केवारी शंभराला टेकेल. लवकर निदानाने कुणाचंच भलं होत नाही असं मी म्हणत नाही. जाडी मिलिमीटरच्या अंशांत असताना काढलेला घातक मेलानोमा माणसाला वाचवतो. पण किती जणांना वाचवलं हे पाच वर्षांच्या टक्केवारीवरून कळू शकत नाही. ते फक्त मृत्यूच्या आकड्यावरून कळतं.

दक्षिण कोरियाने हाच धडा थायरॉईडच्या बाबतीत गिरवला. १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली, तिच्यासोबत थोड्या जास्त पैशांत मानेची सोनोग्राफीही मिळू लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं होतं आणि मृत्यू जिथल्या तिथे होते. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला, लोकांनी सोनोग्राफी कमी केली आणि शस्त्रक्रिया झपाट्याने उतरल्या. गळ्यातली ग्रंथी गमावलेल्या हजारो माणसांना मात्र रोजची गोळी जन्मभराची झाली.

तिळाच्या बाबतीत एवढं मोठं काही जात नाही, एक व्रण राहतो, असं म्हणून विषय उडवून लावला जातो. मला ते पटत नाही. व्रण हा सर्वांत लहान भाग. 'तुम्हाला कर्करोग होता' हे वाक्य एकदा ऐकलं की ते परत घेता येत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, दर तपासणीआधी झोपेचं खोबरं, विमा काढताना भरावा लागणारा तो रकाना. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: निदान एकट्या माणसाचं होत नाही, कुटुंबाचं होतं. आईला मेलानोमा 'झाला' की मुलं, भावंडं सगळी 'घराण्यात इतिहास' या सदरात जातात. मग त्यांची तपासणी अधिक बारकाईने होते, त्यांचे तीळ अधिक सहज काढले जातात आणि त्यांच्यातही काही सापडतं. मग वाटतं, पाहा, घराण्यातच आहे! आनुवंशिक धोका खराच असतो, पण असल्या चक्रात तो किती खरा आणि किती आपणच वाढवलेला हे वेगळं काढणं अवघड होऊन बसतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी ऊन आणि कर्करोग यांचं नातंच नाकारतो आहे. तसं करणं मूर्खपणाचं होईल. अतिनील किरणं पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतात आणि त्वचेचे बहुतेक कर्करोग त्यातूनच येतात, याबद्दल शंका उरलेली नाही. कातडी कृत्रिमरीत्या तांबूस करून देणाऱ्या यंत्रांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये तंबाखूच्याच वर्गात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक म्हणून टाकलं. ब्राझीलने त्याच वर्षी ती यंत्रं बंद केली. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचा कर्करोग, हा मेलानोमाहून वेगळा त्वचेचाच कर्करोग, कित्येक पटींनी जास्त होतो, आणि असे लोक वाढत आहेत. म्हातारपणही वाढतं आहे. बेसल आणि स्क्वेमस पेशींचे त्वचेचे कर्करोग तर संख्येने मेलानोमाच्या कैक पट, पण अनेक देशांच्या नोंदणीत त्यांची मोजदादच होत नाही. म्हणजे जो सर्वांत सामान्य कर्करोग आहे त्याचा नीट आकडा नाही, आणि ज्याचा आकडा आहे तो फुगलेला.

तेव्हा खरी वाढ आणि नजरेची वाढ दोन्ही एकाच आलेखात मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायच्या कशा, याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात मिळतं. गोरी कातडी आणि प्रखर ऊन यांची गाठ तिथे पडली, त्यामुळे न्यूझीलंडसह जगातलं सर्वाधिक प्रमाण तिथलंच. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम निघाली: सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ दरम्यान १,६२१ लोकांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांनी वाटेल तेव्हा लावलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. चाचणी संपल्यावर आणखी दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मेलानोमा त्यांच्यात ११ आणि दुसऱ्या गटात २२ निघाले. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. पुढे या मोहिमेच्या छायेत वाढलेल्या पिढीत, तरुण वयात, मेलानोमाचं प्रमाण उतरू लागलं. ही घट मी शंभर टक्के खरी मानतो, कारण ती नजर वाढत असताना झाली. शोधणारे वाढले आणि तरीही सापडणारे कमी झाले, तर आजारच कमी झाला असला पाहिजे. त्याच देशात एकूण मेलानोमाच्या निदानांपैकी निम्म्याहून अधिक निदानं अनाठायी असावीत, असा अंदाज पॉल ग्लाझियू आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. त्यात वरच्या थरातच असलेले मेलानोमाही धरले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच वेळी खऱ्या आहेत. जाहिरातीच्या एका वाक्यात त्या मावत नाहीत, हा त्यांचा दोष नव्हे.

प्रतिबंध आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऑस्ट्रेलियातून शिकायला हवं होतं. टोपी घातल्याने कुणाचं चुकीचं निदान होत नाही. सरसकट सगळ्यांना तपासण्याचं तसं नाही. जर्मनीने ते करून पाहिलं. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात २००३-०४ या एका वर्षात सुमारे ३ लाख ६० हजार लोकांची कातडी तपासली गेली. २००८ पर्यंत तिथले मेलानोमाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोळे दिपले सगळ्यांचे. त्याच वर्षी ३५ वर्षांवरच्या प्रत्येकासाठी दर दोन वर्षांनी तपासणीची योजना देशभर लागू झाली. पण त्यानंतर त्या राज्यातले मृत्यू पुन्हा पूर्वीच्या पातळीला गेले आणि देशभरातला आकडा अपेक्षेप्रमाणे काही उतरला नाही. मला यात नवल वाटतं ते एवढ्याचंच की पाचातला एक माणूस तपासून मृत्यू इतक्या लवकर निम्म्यावर येतील, यावर विश्वास कसा बसला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००९, २०१६ आणि २०२३ असं तीनदा एकच उत्तर दिलं आहे: लक्षणं नसलेल्यांची सरसकट त्वचा तपासणी फायद्याची आहे की नाही हे सांगायला पुरावा अपुरा आहे. दर वेळी हे वाचणाऱ्यांची निराशा होते. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं.

आणि इतकी सगळी नजर खर्च होते तरी कुठे? गोऱ्या, सुस्थितीतल्या, आधीच काळजी घेणाऱ्या माणसांच्या पाठीवर. काळ्या-सावळ्या कातडीत मेलानोमा विरळा, अमेरिकेत तर कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा काही संबंध नसतो. सनस्क्रीनचे सगळे फलक त्यांच्या डोक्यावरून जातात. नखाखालची काळी रेघ मार लागल्याची समजली जाते, तळव्यावरचा डाग भोवरी समजून घासला जातो. बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये असाच मेलानोमा सापडला आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. अशा रुग्णांत निदान उशिरा होतं आणि जगण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच कमी राहतं. एकीकडे साप साप म्हणून भुई धोपटली जाते आणि दुसरीकडे खरा साप पायाखाली.

नोंदणीच्या वार्षिक अहवालात निदानाच्या आकड्याशेजारी आणखी तीन रकाने असायला हवेत: त्या वर्षी किती बायोप्सी झाल्या, सापडलेल्यांपैकी किती मेलानोमा एक मिलिमीटरहून जाड होते, आणि त्या आजाराने किती माणसं गेली. हे तीन आकडे सोबत नसतील तर पत्रकाराने 'वाढ' हा शब्द वापरण्याआधी दोनदा विचार करावा. निदान वाढलं, बायोप्सी वाढल्या, जाड मेलानोमा आणि मृत्यू तेवढेच, तर ती नजरेची वाढ. जाड मेलानोमाही वाढत असतील तर आजार खरोखर वाढतो आहे, आणि मग हात बांधून बसणं हा गुन्हा ठरेल. वरच्या थरातच राहिलेल्या, बहुधा कधीच पुढे न जाणाऱ्या गाठींना 'कर्करोग' म्हणायचं की दुसरं काही, हा वाद तज्ज्ञांमध्ये सुरू आहे. माझं मत विचाराल तर नाव बदलावं. नावाने माणसाची झोप उडते, गाठीने नाही.

तोवर ज्याच्या अंगावर एखादा तीळ बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो आहे, बदलतो आहे, त्यातून रक्त येतं आहे, त्याने तो जरूर दाखवावा. या लेखातलं काहीही त्याला थांबवण्यासाठी नाही. ज्याच्यात प्रत्यारोपण झालं आहे, ज्याची कातडी वर्षानुवर्षं उन्हात भाजली आहे, त्यानेही जावं. आणि संपूर्ण अंग तपासायचं म्हणून डॉक्टरांनी कपडे उतरवायला सांगितले, तर मोजेही काढावेत.